हमखास गुण येतो

विंचू चावला तर गाढव गाठावं आणि त्याच्या कानात 'मला विंचू चावलाय' असं सांगावं. वेदना तुम्हाला सोडते आणि गाढवाला धरते. हा उपाय कुणा ऐऱ्यागैऱ्याचा नाही. पहिल्या शतकातल्या थोरल्या प्लिनी या रोमन विद्वानाने तो आपल्या 37 खंडी ग्रंथात व्यवस्थित नोंदवून ठेवला आहे. शिंका किंवा उचकी थांबत नसेल तर खेचराच्या नाकाचा मुका घ्यावा, हेही त्यातच आहे. खेचराची संमती कशी मिळवावी, ते मात्र दिलेलं नाही.

प्लिनीबद्दल मला आदर आहे. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी पेटला तेव्हा जग तिथून पळत होतं आणि हा गृहस्थ जहाजं घेऊन तिकडे निघाला. परत आला नाही. एवढा जिज्ञासू माणूस, पण तो स्वतः कधी गाढवाच्या कानाला लागला असेल असं वाटत नाही. कारण लागला असता तर पुढचे प्रश्न त्याला पडलेच असते. कान उजवा की डावा? ठणकता पाय घेऊन मोकाट गाढवामागे धावायचं कसं? मध्येच गाढवाने कान हलवला, तर मजकूर पोचला असं धरायचं की पुन्हा सांगायचं? आणि एवढं करूनही ठणका राहिलाच, तर?

तर गाढवाला नीट ऐकू गेलं नसणार. प्लिनी चुकत नाही.

जगभरच्या अशा उपायांची खरी खुबी इथे आहे. औषधं हजार तऱ्हांची. कुठे कोळी, कुठे कवटीची भुकटी, कुठे लहान मुलांच्या मूत्रात उकडलेली अंडी. पण बांधणी सगळीकडे एकच. उपाय कधी चुकत नाही, चुकतो तो रोगी. त्याने वेळ पाळली नाही, दिशा चुकवली, वाटेत कुणाशी बोलला, मागे वळून पाहिलं, मनात शंका आणली. शंका आणली हे तर सगळ्यात सोयीचं, कारण ते नाकबूल करताच येत नाही.

इंग्लंडातल्या खेड्यांत एकोणिसाव्या शतकापर्यंत डांग्या खोकल्यावर एक उपाय चाले. रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि काळ्या-पांढऱ्या कबऱ्या घोड्यावरून कुणी जाताना दिसला की त्याला थांबवून विचारायचं, 'मुलाला डांग्या खोकला झालाय, काय देऊ?' तो सांगेल तेच औषध. स्वार कोण आहे, काय करतो, शुद्धीवर आहे का, याची चौकशी नाही. पदवी घोड्याची, प्रॅक्टिस स्वाराची! मला राहूनराहून त्या स्वाराची कीव येते. बिचारा बाजाराला निघालेला. घोडा स्वस्तात मिळाला म्हणून कबरा घेतला. आणि आता दर दोन मैलांवर एकेक आई लगाम धरून उभी. पहिलीला तो कदाचित विचार करून सांगत असेल. पाचवीला 'पावाला लोणी लावून द्या' म्हणून टाच मारत असेल. पोरगं ते लोणी-पाव खाई आणि बरंही होई, कारण डांग्या खोकला पुष्कळ आठवडे छळतो आणि मग बहुतेक मुलांत आपणहून उतरतो. चीन-जपानकडे त्याला शंभर दिवसांचा खोकलाच म्हणतात. कबऱ्या घोड्याची वाट बघण्यात त्यातले बरेच दिवस निघून जात असणार. तेवढा धीर नसलेल्यांसाठी दुसरा उपाय होता: पोराला गाढवाच्या पोटाखालून काढायचं. नऊ वेळा. वैद्यकशास्त्राने गाढवाचे हे उपकार कुठेच मान्य केलेले नाहीत.

शहाणा उपाय आपला आजार निवडून घेतो. म्हणून ज्याला-त्याला उपाय माहीत असतो तो उचकीवर, चामखिळीवर, रांजणवाडीवर, सर्दीवर. मोडलेल्या मांडीवर चिमूटभर अंगारा लावून माणूस उठून चालू लागल्याचं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. पण उचकी! ती थांबायला मुळी दोन-पाच मिनिटंच लागतात. तेवढ्यात साखर खायला दिली तर साखरेने थांबली. 'चोरून काय खाल्लंस रे?' म्हणून दचकवलं तर दचकण्याने थांबली. आणि नावं घेत बसलं तर ज्या नावाला थांबली तो आठवण काढत होता. लॅटिन अमेरिकेत तान्ह्या बाळाच्या कपाळावर थुंकीने भिजवलेला लाल दोरा चिकटवतात. तोही अचूक. सगळेच अचूक.

चामखिळीला आपल्याकडे घोड्याच्या शेपटीचा केस बांधतात. मार्क ट्वेनचा हकलबरी फिन मेलेलं मांजर घेऊन मध्यरात्री स्मशानात जातो. तेही अशा थडग्यापाशी, जिथे नुकताच कुणीतरी दुष्ट माणूस पुरला आहे. ('टॉम सॉयर' आलं 1876 मध्ये, कादंबरी असली तरी हे तोडगे तिथल्या पोरांच्या तोंडचेच.) आता ताजं मेलेलं मांजर, ताजा मेलेला दुष्ट आणि अमावास्येसारखा अंधार हे तिन्ही एका रात्री जुळून यायला वेळ लागतो. चामखीळ विषाणूने होते आणि बरेचदा वर्ष-दोन वर्षांत आपणहून जाते. म्हणजे दुष्टाच्या मरणाची प्रतीक्षा करत बसलं तरी चालतं.

रांजणवाडीचा दोष असा, की ती लपवता येत नाही. मूळव्याध झालेला माणूस चारचौघांत इभ्रतीने बसू शकतो (निदान उभा राहू शकतो); रांजणवाडीवाल्याला दारातून बाहेर पडताच सल्ला मिळतो. लवंग उगाळून लाव. तळहातावर बोट घासून गरम कर आणि टेकव. युरोपात सोन्याची अंगठी घासतात. आयर्लंडमध्ये गूजबेरीचा काटा नऊ वेळा तिच्या रोखाने धरून तिला दटावत. नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये अमावास्येनंतरच्या पहिल्या रात्री काळ्या मांजराच्या शेपटीच्या टोकाचा एक केस उपटून तो नऊ वेळा फिरवायचा असे. इथे डोळा वाचला तरी हात ओरबाडून निघण्याची खात्री आहे, आणि मला वाटतं उपायाचं मर्म तेच असावं: हाताची आग इतकी होते की डोळ्याकडे लक्ष राहत नाही.

आता आपल्याकडची कावीळ उतरवण्याची माळ बघा. वनस्पतीच्या ओल्या देठांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफून माळ करतात आणि ती डोक्यावर मुकुटासारखी ठेवतात. दिवसागणिक माळ वाढते. डोक्यावरून कपाळावर, मग गळ्यात, मग छातीवर. घरातले लोक रोज बघतात, शेजारी येऊन बघतात. कावीळ माळेत उतरते आहे याचा डोळ्यांदेखत पुरावा! खुबी गाठीत आहे. प्रत्येक तुकड्याला दोऱ्याचा सैल फास असतो. ओला देठ सुकून बारीक होतो, फास ढिला पडतो, त्यातला दोरा सुटतो आणि माळ लांबते. अंधश्रद्धा निर्मूलनवाले हे करून दाखवतात. खिळ्याला टांगली तरी माळ वाढते. खिळ्याला कावीळ नसते. दुसरीकडे रोग्याच्या हाताला काहीतरी चोळून चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतात आणि पाणी पिवळंधमक होतं. चोळलेलं ते काहीतरी म्हणजे आंब्याच्या सालीचा रस असतो, आणि चुना लागला की तो पिवळा होतोच. हात तुमचा असो की तहसीलदाराचा. दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ मात्र विश्रांती घेतली की बहुतेकांची काही आठवड्यांत बरी होते. माळ छातीपर्यंत यायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. हा योगायोग ज्याने पहिल्यांदा हेरला त्याच्या निरीक्षणशक्तीला दाद द्यायलाच हवी.

ऑक्सफर्डचं ॲशमोलियन म्युझियम ज्याच्या नावाने आहे त्या एलायस ॲशमोलने 1681 मध्ये आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय, की सकाळी काढ्याचा चांगला घोट घेतला, गळ्यात तीन कोळी अडकवले आणि कोळ्यांनी हिवताप पळवून लावला. देवाचे आभारही मानलेत. काढ्याचे मानलेले नाहीत. एकाआड एक दिवस येणारा तो ताप. मधल्या सुट्टीच्या दिवशी गळ्यात जो कोणी असेल तो श्रेय घेऊन जाणार.

पण सगळे आजार असे समजूतदार नसतात. कोकणात विंचू उतरवणारे मांत्रिक होते, त्यांनाही पुष्कळदा गुण येई, कारण साध्या विंचवाचा ठणका काही तासांनी ओसरतो. मंत्र लांब असला की झालं. लाल विंचू मात्र हृदयावर घाला घालतो; फुप्फुसात पाणी होतं आणि माणूस, विशेषतः लहान मूल, दगावतं. 1976 मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर आले, तेव्हा अशा गंभीर रोग्यांपैकी शंभरातले चाळीसच्या आसपास जात. बावस्कर रोग्यांच्या उशाशी रात्र-रात्र बसले, नाडी, रक्तदाब, श्वास सगळं टिपत गेले, आणि रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी त्यांनी विंचवाविरुद्ध उभी केली. 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं काम छापून आलं, मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या जवळ आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या सगळ्यात एकही गाढव वापरलं गेलं नाही.

उपाय रोग्याला जितका कमी शिवेल तितका बरा, असं माझं मत सर केनेल्म डिग्बीमुळे झालं. सतराव्या शतकातला हा इंग्रज सरदार जखमेवर एक चूर्ण देई. ते जखमेला लावायचंच नसे. जखमेचं रक्त लागलेली पट्टी हिराकसाच्या पाण्यात बुडवायची, रोगी दुसऱ्या गावात असला तरी त्याला आराम पडायचा. या पंथातले दुसरे लोक मलम थेट तलवारीला लावत. जखम झाली पायाला, मलमपट्टी तलवारीला! 1658 मध्ये डिग्बीने फ्रान्समध्ये माँपेलिएला यावर भारदस्त व्याख्यान दिलं. हसू नका, कारण हा उपाय खरोखर लागू पडे. त्या काळी जखमेवर चरबी, शेण आणि आणखी काय काय थापत. डिग्बीचा रोगी तेवढ्यातून सुटे. जखम स्वच्छ फडक्यात बांधून शांत ठेवली जाई, आणि घाण सगळी तलवारीच्या वाट्याला जाई. तलवारीला जंतुसंसर्ग होत नाही.

या चूर्णावरून 1687 मध्ये कुणा विनोदी माणसाने एक पत्रक काढलं. त्या काळी भर समुद्रात आपण नेमके कुठल्या रेखांशावर आहोत हे कळत नसे. लंडनची वेळ कळली तर ते कळलं असतं. त्याने सुचवलं, की सुरीने जखमी केलेलं एक कुत्रं जहाजावर ठेवावं आणि त्याच्या जखमेची पट्टी लंडनला. लंडनमध्ये रोज भर दुपारी बाराला पट्टी चूर्णात बुडवली, की तिकडे अटलांटिकवर कुत्रं केकाटणार आणि कप्तान घड्याळ लावणार. पुढे ऐंशीएक वर्षांत जॉन हॅरिसनचं समुद्रावर चालणारं घड्याळ आलं, म्हणून ब्रिटिश आरमारातली कुत्री वाचली.

स्वस्त उपायांची ही गत, तर महागांचं विचारूच नका. बेझोआर म्हणजे इराणकडच्या रानबोकडाच्या पोटात साचून घट्ट झालेला खडा. कुठल्याही विषावर उतारा म्हणून राजेलोक तो सोन्यात मढवून जवळ बाळगत. फ्रान्सचा राजा नवव्या चार्ल्सला 1560च्या दशकात असा एक मिळाला. राजवैद्य ॲम्ब्रोआज पारे म्हणाला, सगळ्या विषांवर एक उतारा असूच शकत नाही, बघायचं का? चांदीची ताटं चोरल्याबद्दल फाशी ठरलेला एक आचारी तुरुंगात होता. त्याला विचारलं, विष घेऊन वर हा खडा घेतोस? जगलास तर सुटलास. तो आनंदाने तयार झाला. सात तास तळमळून तो गेला. फाशीत एवढा वेळ लागला नसता. राजाने खडा आगीत टाकायला सांगितलं.

यावर जगाने बेझोआर सोडून द्यायला हवा होता. झालं उलटंच. मागणी इतकी वाढली की बोकड पुरेनात, आणि मग पुढच्या शतकात आपल्या गोव्याने ती गरज भागवली. जुन्या गोव्यातल्या जेझुइटांनी कृत्रिम खडे वळायला घेतले. गास्पर आंतोनियो हा मूळचा फ्लॉरेन्सचा ब्रदर त्यात नावाजलेला. बेझोआरचा चुरा, मोती, पोवळं, पाचू, कस्तुरी, अंबर असं सगळं कुटून, घोटून, अंड्याएवढा गोळा करायचा आणि वर सोन्याचा वर्ख. युरोपात त्याला गोवा स्टोन म्हणत आणि सोन्याहून जास्त दाम मोजत. चहात किंवा वाइनमध्ये थोडा खरवडून घ्यायचा. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये असा एक खडा त्याच्या सोन्याच्या जाळीदार डबीसकट ठेवलेला आहे. अस्सल माल निरुपयोगी ठरल्यावर त्याची नक्कल अस्सलाइतक्या भावाने विकून दाखवणं हे काम येरागबाळ्याचं नव्हे, आणि त्यात गोव्याने सोळा आणे यश मिळवलं याचा अभिमान बाळगावा की नाही, ते ज्याने-त्याने ठरवावं.

परवडतंय म्हणून किती उपाय करावेत यालाही मर्यादा हवी. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स फेब्रुवारी 1685 मध्ये कोसळला तेव्हा दरबारी वैद्यांनी त्याचं रक्त काढलं, डोकं भादरलं, कातडीवर फोड आणले, एनिमावर एनिमे दिले, पायांना कबुतराची विष्ठा थापली, कवटीचा अर्क पाजला आणि बेझोआरही दिला. चार दिवसांत राजा गेला. लंडनच्या गटारकाठी त्याच झटक्याने पडलेल्या भिकाऱ्याला यातलं काही परवडलं नसतं, आणि तो निदान सुखाने तरी गेला असता.

आजचं बोलायचं तर मृग लागला की हैदराबाद. बथिनी गौड कुटुंब 1845 पासून दम्यावर एक उपाय देतं: दोन-तीन इंची जिवंत मरळ मासा, त्याच्या तोंडात गुप्त पिवळा लगदा, आणि मासा अख्खा गिळायचा. पैसे घेत नाहीत. नामपल्लीच्या मैदानावर हजारोंची रांग लागते. नांदेड-लातूरकडूनही लोक जातात. शाकाहाऱ्यांना तोच लगदा गुळातून. एकेकाळी याला औषध म्हणत. विज्ञानवाद्यांनी कोर्टाची पायरी चढल्यावर प्रसादम म्हणू लागले, कारण औषध म्हटलं की तपासणी आली. प्रसादाची तपासणी करणारं खातं अजून निघालेलं नाही. त्यावर 45 दिवसांचं कडक पथ्य, आणि ओळीने तीन वर्षं यायचं. दुसऱ्या वर्षी भाचीचं लग्न त्याच तारखेला निघालं म्हणून चुकलं, की संपलं. दमा राहिला तो भाचीमुळे.

इतकी वर्षं मी अशा पथ्यांना हसत आलो. पण 2015 साली दोन बातम्या आल्या आणि हसणं जरा आवरतं घ्यावं लागलं. एक म्हणजे चीनच्या तू यूयू यांना नोबेल. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन त्यांनी शोधलं ते चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या ओळींवरून: छिंगहावची मूठभर पाती पाण्यात भिजत घाला, पिळा, रस प्या. उकळा असं त्यात नव्हतं. उष्णतेने गुण जातो हे त्यांच्या तेवढ्यावरून ध्यानात आलं. (याच गे होंगने अन्नविषबाधेवर निरोगी माणसाच्या विष्ठेचं कालवण पाजायला सांगितलं होतं. तेव्हाही हसू आलं असेल. आता आतड्याच्या एका हट्टी संसर्गावर निरोगी माणसाची विष्ठा प्रक्रिया करून पोटात सोडतात आणि अमेरिकेत 2022 मध्ये तिला रीतसर मान्यताही मिळाली.)

दुसरी बातमी नॉटिंगहॅमची. ब्रिटिश लायब्ररीत हजारएक वर्षांपूर्वीचं वैद्यकाचं एक हस्तलिखित आहे, त्यात चक्क रांजणवाडीवर मलम आहे. लसूण, कांद्याच्याच जातीचं आणखी एक काहीतरी, वाइन आणि बैलाचं पित्त. सगळं कुटून पितळेच्या भांड्यात नऊ रात्री ठेवायचं, गाळायचं, पिसाने डोळ्याला लावायचं. शेवटचा जिन्नस वगळला तर शनिवारच्या पार्टीची यादी. विद्यापीठातल्या मंडळींनी काचेच्या बाटलीत पितळेचे तुकडे टाकून ते शब्दशः करून पाहिलं. भल्याभल्या अँटिबायोटिकांना दाद न देणारे जंतू प्रयोगशाळेत त्या मलमाने पटापट मेले. एकेक जिन्नस सुटा वापरला तर तसा गुण नाही; सगळे एकत्र आणि नऊ रात्री हवेतच. म्हणजे इथे पथ्य ही पळवाट नव्हती, पथ्य हेच औषध होतं. त्याच पुस्तकात इतरत्र पिशाच्चबाधेवरही उपाय आहेत, आणि दोन्ही एकाच ठाम सुरात सांगितलेले आहेत. सुरावरून काही ओळखता येत नाही, ही खरी पंचाईत.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. घरातल्या आजी-पणजीचे उपाय तुम्ही जमवत असाल, जरूर जमवा. पण प्रमाण लिहा, किती दिवस ते लिहा, भांडं कसलं तेही लिहा. आणि ज्यांना गुण आला नाही त्यांची नावंही त्याच वहीत घाला. प्लिनीपासून आजवर ती यादी कुणीच ठेवलेली नाही.